नकाराचा मणका

जुराच्या डोंगरात आमचं गाव. इथे आधी घड्याळं होत.
म्हणजे घड्याळाच्या आतले आस, केसाहून थोडे जाड,
शिंक आली तर दिवसाची मजुरी उडून जायची.
मग सत्तरच्या सुमाराला तो धंदा बसला
आणि त्याच लेथवर, त्याच तेलाच्या वासात
माणसांच्या मानेतले स्क्रू कातले जाऊ लागले.
साडेतीन मिलिमीटर जाड, चौदा लांब.
टायटॅनियम.

ओरेल गोन्यानं मला काम शिकवलं.
शिकवलं म्हणजे काय,
मी तुकडा पुढे धरायची,
तो भिंग डोळ्याला लावायचा
आणि मान हलवायचा. डावीकडे, उजवीकडे. एकदाच.
तुकडा लाल डब्यात.
पहिले आठ महिने मी तेवढंच पाहिलं.
एकदा मात्र बोलला:
सोलांज, हा कुणाच्या तरी मज्जारज्जूशेजारी राहायला जाणार.
तुला कसा शेजारी आवडेल?

आमचे स्क्रू रंगीत असतात.
सोनेरी, जांभळे, निळे, ज्याच्या त्याच्या मापाप्रमाणे.
रंग लावत नाही आम्ही, पाण्यात बुडवून वीज सोडतो,
धातूवर जेवढी साय धरते
तेवढा उजेड वेगळा होऊन परततो.
शाळेतली पोरं बघायला येतात, विचारतात,
पण आत गेल्यावर दिसणार कुणाला?
नर्सला, ओरेल म्हणायचा. घाईत असते ती.

निवृत्तीनंतरच्या चौथ्या फेब्रुवारीत
दारातला बर्फ सारताना तो मागच्या मागे पडला.
उठला. फावडं जागेवर ठेवलं. कॉफी केली.
तिसऱ्या दिवशी बसमधून दवाखान्यात गेला
स्वतःचं डोकं दोन्ही हातांत धरून,
काठोकाठ भरलेला टोप न्यावा तसं.

बर्नच्या डॉक्टर केलरहाल्सनी फिल्म उजेडावर धरली.
दुसऱ्या मणक्याला एक दात असतो, उभा.
पहिला मणका त्याच्याभोवती फिरतो,
जात्याची वरची तळी खिळीभोवती फिरावी तसा.
खीळ तुटली होती.
चार स्क्रू, दोन दांड्या. जातं बंद.
होकार वरच्या सांध्यात असतो, बाई म्हणाल्या,
नकाराचा मोठा वाटा या सांध्यात.
होकार राहील.

एप्रिलभर गाव त्याच्याकडे जाऊन येत होतं.
वारा आहे ना रे आज? मान खाली, मान वर.
सूप घेशील? हो.
भाचा म्हणाला, मामा, कुरणाचा तुकडा मी कसू ना यंदा?
हो.
चाळीस वर्षं ज्यानं गावाला नाही म्हटलं
तो असा सोपा झाला, तर लोक टोपली घेऊनच येऊ लागले.

मी गेले तेव्हा त्यानं पाकिटातून कार्ड काढून दिलं,
दवाखान्यातून मिळतं ते, आत काय बसवलंय त्याचं.
खाली बारीक अक्षरांत लॉटचा नंबर.
मला तो पाठ होता.
तो आठवडा माझा, रात्रपाळीचा,
त्या आठवड्यात एक तुकडा मी दोनदा पाहिला होता
आणि तिसऱ्यांदा पाहायचं राहून गेलं होतं.
सहाशेतला एक. कुठे गेला कोण जाणे.
मी कार्ड परत दिलं. म्हटलं, चांगलं बसवलंय.
तो काही म्हणाला नाही.

मग उगीच, हातांना काम हवं म्हणून,
मी खिशातून कालचा एक स्क्रू काढून त्याच्यापुढे धरला.
त्यानं भिंग शोधलं. चष्मा वर सारला.
खिडकीपाशी सरकला. फार वेळ पाहिलं.
मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवून
त्यानं खांदे वळवले, छाती वळवली, कंबर,
सगळा ओरेल डावीकडे गेला,
खुर्ची करकरली,
सगळा ओरेल उजवीकडे आला.

एकदाच.

मी स्क्रू परत घेतला.
बसमध्ये, दिव्याखाली, आट्यावरून नख फिरवलं.
तिसऱ्या वेढ्याशी अडकलं.